पोट बिघडते, ठोका चुकतो

२०२५ च्या जुलै महिन्यात मैसूरच्या केआरएस रस्त्यावरील जयदेव हृदयरोग रुग्णालयासमोर पहाटेपासून रांगा लागू लागल्या. शेजारच्या हासन जिल्ह्यात काही आठवड्यांच्या अंतराने तरुण आणि मध्यमवयीन माणसे हृदयविकाराने गेल्याच्या बातम्या एकापाठोपाठ एक येत होत्या. ज्यांना कधी डॉक्टरांची पायरी चढावी लागली नव्हती, असे लोकही छाती तपासून घ्यायला निघाले. हासनहून किंवा कोडगूहून मैसूर गाठायचे तर हुणसूर रस्त्यावरचे येलवाल गाव वाटेत लागते. त्या दिवसांत या रस्त्याने शहराकडे जाणाऱ्यांत आपल्या काळजाचे ठोके मोजत बसलेली माणसेही होती.

राज्य सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. हासनमधील मृत्यूंत असाधारण वाढ झालेली दिसत नाही, असे समितीने कळवले आणि रांगा हळूहळू ओसरल्या. कर्नाटकाला हे नवे नव्हते. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी अचानक गेले, तेव्हाही हृदयरोग रुग्णालयांत अशीच झुंबड उडाली होती.

अशा प्रत्येक रांगेत एक प्रश्न हमखास असतो. ‘डॉक्टर, हे हृदयाचे आहे की नुसता गॅस?’ मैसूरकडे या दुखण्याला सरळ ‘गॅस्ट्रिक’ म्हणतात. आपल्याकडे कोणी ‘गॅसेस’ म्हणतो, कोणी ‘पित्त’, तर घरातल्या वडीलधाऱ्या बाई ‘वात धरलाय’ म्हणून ओवा-हिंग पुढे करतात. रात्री भरपेट जेवण होते, अंथरुणाला पाठ टेकते आणि तासाभरात छातीत काहीतरी फडफडते. एक ठोका चुकल्यासारखा वाटतो, पुढचा धाडकन आदळतो. उठून बसावे, एक मोठा ढेकर यावा आणि सारे शांत व्हावे! मग माणूस मनाशी म्हणतो, ‘गॅसच होता.’ बहुतेक वेळा ते खरे असते. पण कधीकधी नसते.

ढेकर आणि ठोका यांचे हे नाते निव्वळ भ्रम आहे का? तसे नाही. पोट आणि हृदय यांच्यात खरोखरच देवाणघेवाण चालते.

येलवालला आलेला एक पोटाचा रुग्ण

मराठी माणसाला येलवालचे नाव अगदीच अनोळखी नसावे. २१ आणि २२ सप्टेंबर १९५७ रोजी इथे ग्रामदान परिषद भरली होती. पंडित नेहरू आले होते, जयप्रकाश नारायण होते, केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबुद्रिपादही होते. आणि या सर्वांना ज्यांच्यासाठी एकत्र यावेसे वाटले ते विनोबा भावे, वय ६२, हे पोटाच्या जुनाट व्रणाचे म्हणजे अल्सरचे रुग्ण होते.

भूदानाच्या पदयात्रेत ते रोज मैलोन्मैल चालत, पण एका वेळी पोटभर जेवणे त्यांना मानवत नसे. दूध, दही असा साधा आहार, तोही थोडा थोडा आणि दिवसातून अनेकदा, असा त्यांचा क्रम होता. पुढे पवनारला ५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. वय झाले होते ८७.

पोटाचा जुना रोगी शेवटी हृदयविकाराने गेला, म्हणजे एकातून दुसरे झाले, असा हिशेब कोणी मांडेल. तो मांडू नये. सत्त्याऐंशी वर्षांच्या हृदयाला थकायला अल्सरची गरज नसते. आणि अल्सरच्या बाबतीत तर जगाचीच मोठी फसगत झाली होती. काळजी, तिखट आणि आम्ल यांनी अल्सर होतो, असे कित्येक दशके मानले जाई. विनोबा गेले त्याच १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी पोटातला एक वळणदार जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. बहुतेक अल्सरांमागे तो किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे पुढे सिद्ध झाले आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. पोटाविषयी सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट चुकीची निघू शकते, एवढे यातून लक्षात ठेवावे. कारण हृदयाच्या बाबतीतही ‘सर्वांना ठाऊक’ असलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत.

भिंतीला भिंत लागून घरे

पोट आणि हृदय हे शेजारी आहेत, आणि तेही चाळीतल्यासारखे, एकच भिंत असलेले. ती भिंत म्हणजे श्वासपटल. हृदय या पडद्यावर टेकलेले असते आणि डाव्या बाजूला पडद्याच्या लगेच खाली जठराचा घुमटासारखा वरचा भाग येतो. गिळलेली हवा तिथेच साचते. उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाच्या खाली डावीकडे एक काळा फुगा दिसतो, तो हाच वात! अन्ननलिका तर त्याहून जवळची. ती हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या अगदी पाठीला लागून खाली उतरते. म्हणूनच हृदयाचा तो कप्पा नीट पाहायचा असेल तेव्हा डॉक्टर तपासणीची नळी घशातून अन्ननलिकेत उतरवतात. छातीवरून जे दिसत नाही ते मागच्या खिडकीतून स्पष्ट दिसते.

भाषेलाही हा शेजार ठाऊक आहे. अन्ननलिका जठराला मिळते त्या तोंडाला वैद्यकात ‘कार्डिया’ म्हणतात, आणि या ग्रीक शब्दाचा अर्थ हृदय. इंग्रजीत आंबट घशाशी येण्याला हृदयाची जळजळ म्हणतात. आपल्या आयुर्वेदात मळमळीला ‘हृल्लास’ असा शब्द आहे, त्यातही हृदय आलेच.

या शेजाराचा आजाराशी संबंध लावण्याचे श्रेय जर्मन वैद्य लुडविग रोमहेल्ड यांना दिले जाते. नेकर नदीकाठच्या एका आरोग्यधामात ते काम करीत. त्यांच्याकडे येणाऱ्या काही रुग्णांना धडधड, छातीवर दाब, ठोके चुकणे, घाबरे होणे असे सगळे व्हायचे, पण हृदय तपासले तर निरोगी. त्रास जेवणानंतर आणि पोट फुगल्यावर. १९१२ साली रोमहेल्डनी या लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले. फुगलेले जठर आणि आतडी श्वासपटलाला वर ढकलतात आणि हृदयाला त्रास देतात, असे त्यांचे म्हणणे होते. आज हृदयरोगतज्ज्ञ हे नाव निदान म्हणून क्वचितच लिहितात. नुसत्या ढकलण्याने सर्व खुलासा होत नाही, हे कळून चुकले आहे. खरा निरोप्या दुसराच आहे.

बेडकाचे हृदय आणि मध्यरात्रीचे स्वप्न

मेंदूच्या देठातून निघून मानेतून खाली येणारी एक लांबलचक नस आहे, व्हेगस. लॅटिन भाषेत याचा अर्थ भटकणारा. नाव सार्थ आहे. ही नस घशाला, फुफ्फुसांना, हृदयाला भेट देत जठर आणि आतड्यांपर्यंत पोचते. या नसेला उत्तेजित केले की हृदय मंदावते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्येच दाखवले होते. ते कसे घडते हे मात्र पुढे पाऊणशे वर्षे कोणाला कळले नव्हते.

ऑस्ट्रियातील ग्राझ येथे राहणाऱ्या ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला ईस्टरच्या आदल्या रात्री स्वप्नात प्रयोग सुचला. त्यांनी अर्धवट झोपेत कागदावर खरडले आणि पुन्हा झोपले. सकाळी स्वतःचेच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तेच स्वप्न पुन्हा पडले. या वेळी कागदाच्या नादी न लागता ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदये द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस चेतवली, ते मंदावले. मग त्याच्याभोवतीचे द्रावण दुसऱ्याला दिले, तर ज्याला कोणी हात लावला नव्हता ते हृदयही मंदावले. म्हणजे नस काहीतरी रसायन सोडत होती. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने शरीरशास्त्राचा एक मोठा दरवाजा उघडला आणि १९३६ मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्याबरोबर नोबेल मिळाले.

याचा आपल्या ढेकराशी काय संबंध? संबंध असा, की पोटाकडून निघालेला निरोप ज्या नसेतून मेंदूकडे जातो, तीच नस हृदयाला हुकूम पोचवते. जठर ताणले गेले, अन्ननलिकेत आम्ल चढले, गिळताना थंडगार घोट अडकला, की नसेतून निरोप वर जातो आणि त्याचा पडसाद खाली हृदयावर उमटतो. काही मोजक्या लोकांना घास गिळताच ठोका अडखळतो किंवा भोवळ येते. शौचाला जोराने कुंथताना वृद्ध माणसे बेशुद्ध होऊन पडतात, त्यातही या नसेचा हात असतो. ज्या घरात बद्धकोष्ठाचे आजोबा आहेत त्यांनी ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. उलट, एका प्रकारच्या अतिवेगवान धडधडीत डॉक्टर रुग्णाला मुद्दाम कुंथायला लावून, लगेच आडवे करून पाय उंच उचलतात. नस चेतते आणि कित्येकदा धडधड जागच्या जागी थांबते. ही युक्ती डॉक्टरांनी शिकवल्यावाचून घरी करून पाहू नये.

फ्रान्सचे हृदयरोगतज्ज्ञ फिलिप कुमेल यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांच्या हृदयाची लय दिवसा धावपळीत नव्हे तर विश्रांतीत बिघडते: रात्री, भरपेट जेवणानंतर, मद्यपानानंतर. हे बहुधा मध्यमवयीन पुरुष होते आणि त्यांच्या हृदयात दुसरा दोष सापडत नव्हता. लग्नाची पंगत, वरून शीतपेय, त्यानंतर डुलकी हा आपल्याकडचा क्रम आठवला तर चित्र डोळ्यांपुढे उभे राहील.

चुकलेला ठोका आणि बिघडलेली लय

इथे एक फरक नीट समजून घेतला पाहिजे. रांगेतली अर्धी भीती हा फरक माहीत नसल्यामुळे असते.

निरोगी हृदय विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा, दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. एवढ्या ठोक्यांत एखादा वेळेआधी पडतो. त्यानंतर हृदय क्षणभर थांबते, त्या वेळात त्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला जाणवते ती ती क्षणभराची पोकळी आणि नंतरचा धक्का. ठोका चुकलेला नसतो, घाई करून आधीच येऊन गेलेला असतो. असे ठोके जवळजवळ सर्वांना कधी ना कधी पडतात. हृदय एरवी निरोगी असेल तर ते सहसा निरुपद्रवी असतात. जेवणानंतर, जागरणानंतर, तापात किंवा चिंतेत वाढतात. रात्री आडवे झाल्यावर जास्त जाणवतात, कारण तेव्हा लक्ष दुसरीकडे नसते. आणि भीती वाटली की आणखी वाढतात!

दुसरा प्रकार वेगळा. त्याचे नाव एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. नाडी हाताला लागते ती पूर्ण बेताल. एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, एक जोरकस, दुसरा जेमतेम, कशाचा कशाला मेळ नाही. धोका मुख्यतः धडधडीत नसून साचलेल्या रक्तात असतो. थरथरणाऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त गोठते आणि गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. या विकारात पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते. आपल्या देशात याचे एक कारण पाश्चात्य देशांपेक्षा वेगळे आहे. लहानपणी घसा सुजून आलेला संधिवाताचा ताप हृदयाच्या झडपा आकसून टाकतो आणि तिशी-चाळिशीतल्या बाईची नाडी बेताल होते. तिची धाप आणि धडधड ‘अशक्तपणा आणि पित्त’ म्हणून वर्षानुवर्षे घरातच राहते.

मग आम्लपित्ताने हा विकार होतो का? ज्यांना आम्ल घशाशी येण्याचा त्रास आहे त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशन काहीसे जास्त आढळते, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे. पण लठ्ठपणा, मद्य आणि घोरताना श्वास अडकणे ही कारणे दोन्ही आजारांना सामाईक आहेत. दोन पाहुणे एकाच गाडीतून उतरले म्हणजे एकाने दुसऱ्याला आणले असे होत नाही. पोट हे मूळ कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. आधीच नाजूक असलेल्या हृदयाला ते ठिणगी देऊ शकते, एवढे म्हणता येईल.

कॉफीबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. मैसूरच्या परिसरात कॉफी बंद करा म्हणणे म्हणजे घरात भांडण लावणे! सुदैवाने तसे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील, या विकाराच्या २०० कॉफी पिणाऱ्या रुग्णांची लय उपचाराने पूर्ववत केल्यावर निम्म्यांना रोज कॉफी घ्यायला आणि निम्म्यांना टाळायला सांगण्यात आले. २०२५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कॉफी पिणाऱ्यांत लय पुन्हा बिघडण्याचे प्रमाण कमीच निघाले. ज्याला कॉफीने जळजळ होते त्याने ती अर्थातच आवरावी. मद्याला मात्र अशी कोणतीही सवलत मिळालेली नाही.

जेव्हा हृदय पोटाचे सोंग घेते

आतापर्यंत पोटाने हृदयाला छळण्याची गोष्ट झाली. उलटा प्रवास याहून घातक आहे, आणि घराघरांत माणसे दगावतात ती याच वाटेवर.

हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो हे वर आलेच आहे. झटका या भागाला आला तर दुखणे छातीच्या मध्यावर न राहता बेंबीच्या वर, पोटाच्या तोंडाशी जाणवू शकते. मळमळ, उलटी, ढेकर, घाम, पोट जड होणे, सारे अपचनाचे नाटक हुबेहूब वठते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात असे फसवे रूप अधिक दिसते. घरचे सोडा-लिंबू देतात, आल्याचा रस देतात, पाठ चोळतात. थोडे बरेही वाटते. पण आम्लनाशक औषधाने बरे वाटले म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही, हे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याचा फायदा पहिल्या तासा-दोन तासांत सर्वांत जास्त असतो आणि ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणण्यात नेमका तोच वेळ जातो.

आणखी एक क्वचित घडणारी, पण भयंकर गोष्ट. एट्रियल फिब्रिलेशनमधली गुठळी दर वेळी मेंदूकडेच जाते असे नाही. ती आतड्याच्या रक्तवाहिनीत अडकली तर अचानक असह्य पोटदुखी सुरू होते. पोट दाबून पाहावे तर मऊ, विशेष काही सापडत नाही, आणि रुग्ण मात्र तळमळत असतो. बेताल नाडीच्या माणसाला असे झाले तर तो पोटाचा नव्हे, हृदयातून आलेला आणीबाणीचा आजार आहे आणि त्याला तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय लागते.

हृदय थकले, रक्त मागे तुंबू लागले, की यकृत सुजते, भूक मरते, दोन घासांत पोट भरते. हाही रुग्ण आधी पोटाच्याच डॉक्टरांकडे जातो. आणि डिजॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध घेणाऱ्या माणसाची एकाएकी अन्नावरची वासना उडाली, मळमळू लागले, तर औषधाचे प्रमाण जास्त होत असल्याचा तो इशारा असू शकतो. पुढची पायरी लय बिघडण्याची.

गोळ्यांच्या डब्यात डोकावा

पोटाच्या औषधांनी ठोका बिघडतो, असे सांगितले तर पुष्कळांना खरे वाटणार नाही. सिसाप्राइड नावाचे एक औषध होते. पोट पुढे सरकवणारे, जळजळ कमी करणारे, १९९० च्या दशकात खूप खपलेले. त्याने हृदयाच्या विद्युत लयीत जीवघेणा बिघाड होऊ शकतो हे उघड झाल्यावर २००० साली अमेरिकेच्या बाजारातून ते हटवले गेले. भारतात त्यावर बंदी यायला २०११ उजाडले. अकरा वर्षे!

डोमपेरिडॉन आजही आपल्या घराघरांत आहे, बहुधा आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियंत्रकांनी बजावले, की हे औषध मळमळ-उलटीसाठीच, मोठ्या माणसाला एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि सर्वसाधारणपणे आठवड्याहून जास्त नको. हृदयरोग्यांना देऊ नये. आपल्याकडे ही कॅप्सूल माणसे सकाळच्या चहाआधी वर्षानुवर्षे घेतात आणि तिला ‘गॅसची गोळी’ असे निरुपद्रवी नाव देतात.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल ही आम्ल रोखणारी औषधे चांगली आहेत, गरज असेल त्याने घाबरून सोडू नयेत. पण दीर्घकाळ, विशेषतः वर्षाहून जास्त घेतल्यास काहींच्या रक्तातील मॅग्नेशियम घटते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०११ मध्ये दिला. मॅग्नेशियम घटले की ठोके बेताल होऊ शकतात. म्हणजे गॅसमुळे धडधडते म्हणून गोळी घ्यावी आणि गोळीमुळे धडधडावे! बरोबर लघवीचे औषध चालू असेल तर शक्यता आणखी वाढते. साधी रक्ततपासणी करून हे कळते.

जुलाब-उलट्यांत पोटॅशियम वाहून जाते आणि हृदयाची लय पोटॅशियमवर फार अवलंबून असते. म्हणून जुलाब झालेल्या माणसाला नुसते पाणी किंवा साखरपाणी पुरत नाही. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने हजारोंना वाचवले. आज मिळणाऱ्या प्रमाणित ओआरएसच्या लिटरभर पाण्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते, ते याच कारणासाठी. पाकिटावर सांगितले असेल तेवढ्याच पाण्यात ते कालवावे. मूत्रपिंडाच्या रुग्णाने मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

नाडीवर बोटे, कागदावर रेघ

मग घरात नेमके काय करायचे?

धडधड सुरू झाली की आधी मनगट धरा. अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून घड्याळात पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणे इथे उपयोगी नाही, कारण पाहायचे आहे ते ठोक्यांचा ताल. मधूनच एखादा ठोका अडखळतो आणि बाकी ताल सुरळीत आहे, की सारेच विस्कटलेले आहे? आकडा आणि ताल दोन्ही लिहून ठेवा. आधी काय खाल्ले होते, किती वाजले होते, आडवे होतात की बसलेले, तेही. अशा चार-पाच नोंदी डॉक्टरांना पुष्कळ काही सांगतात.

खरा निवाडा ईसीजीच करतो, पण अट अशी की तो त्रास चालू असताना काढलेला हवा. धडधड थांबल्यावर काढलेल्या ईसीजीत बऱ्याचदा काहीच सापडत नाही आणि माणूस ‘नॉर्मल आहे, गॅसच’ असे म्हणत घरी येतो. त्रास येऊन जाऊन असेल तर २४ तास किंवा त्याहून जास्त वेळ अंगावर बांधायचे होल्टर यंत्र मिळते. नॉर्मन होल्टर यांनी ते प्रथम केले तेव्हा पाठीवर सुमारे ३८ किलोचे ओझे वाहावे लागे. आता ते खिशात मावते. मनगटावरच्या काही घड्याळांनाही आज बेताल नाडी टिपता येते. मात्र घड्याळ संशय घेते, निदान डॉक्टर करतात. घड्याळ गप्प आहे म्हणून छातीतल्या कळेकडे दुर्लक्ष करू नये.

कर्नाटकात पुनीत राजकुमार यांच्या नावाने ‘हृदय ज्योती’ योजना सुरू झाली आहे. तालुका रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या केंद्रातील तज्ज्ञांच्या मदतीने वाचायचा आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारे महागडे इंजेक्शन तिथेच मोफत द्यायचे, अशी तिची रचना आहे. येलवालसारख्या गावातल्या माणसाला याचा अर्थ एवढाच, की ‘गॅस की हृदय’ याचा निकाल लावायला शहरातल्या रांगेत उभे राहण्याची वाट पाहू नये. पहिला ईसीजी जवळ मिळेल तिथे काढावा.

छातीत किंवा पोटाच्या तोंडाशी दडपण येऊन ते पंधरा-वीस मिनिटांत जात नाही, घाम सुटतो, कळ हात, जबडा किंवा पाठीत जाते, धडधडीबरोबर भोवळ किंवा धाप येते, शुद्ध हरपते, तोंड वाकडे होते किंवा हात-पाय लुळा पडतो, यांपैकी काहीही झाले तर ढेकराची वाट पाहायची नाही. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. ती येईपर्यंत रुग्णाला बसवून किंवा निजवून ठेवावे. जिने उतरवू नयेत, स्वतः गाडी चालवू देऊ नये. ज्याच्या घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले आहे, त्याने साध्या धडधडीसाठीही एकदा तपासून घेणे शहाणपणाचे.

तपासणीत हृदय निरोगी ठरले आणि त्रास खरोखर जेवणाशी जोडलेला निघाला, तर उपाय सोपे आहेत, फक्त कंटाळवाणे. रात्रीचे जेवण हलके आणि लवकर घ्यावे. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्यावेत. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून वीतभर उंच करावी. घाईने जेवताना आणि बुडबुड्यांची शीतपेये पिताना पोटात जाणारी हवा कमी करावी. पोटाचा घेर कमी झाला तर आम्लपित्त आणि बेताल लय दोन्हींचा जोर ओसरतो. आणि एका ताटावर सगळे न संपवता थोडे थोडे, पुन्हा पुन्हा खावे, म्हणजे येलवालच्या परिषदेला आलेल्या त्या पदयात्रीचा क्रम. त्यांनी तो अल्सरसाठी धरला होता. भरल्या पोटाने ज्यांच्या छातीत फडफडते, त्यांनाही तो मानवतो.

आणि ईसीजीचा तो कागद फेकू नये. त्यावरची शाई उन्हाने आणि उष्णतेने काही महिन्यांत फिकी पडते. म्हणून त्याची झेरॉक्स काढून, तारीख टाकून घरच्या फायलीत ठेवावी. पुढच्या वेळी रात्री दोनला धडधड सुरू होईल तेव्हा नव्या डॉक्टरांच्या हातात पहिल्याने हा जुना कागद द्यावा.